पहिल्यांदाच साप पाळायचाय: लहान आणि शांत कोणता घ्यावा?

लेस्टरकरीण:
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात लेस्टरला राहतो. लेक 11 वर्षांची आहे आणि बरीच वर्षं तिने सापाचा ध्यास घेतलाय. वाचनालयातली सापांवरची सगळी पुस्तकं वाचून झालीत. मी आणि नवरा आता तयार आहोत. तिच्या खोलीत भिंतीलगत चार फुटांची पेटी बसेल. दुकानात रॉयल पायथन दाखवला, एका ओळखीच्याने हॉगनोज सुचवला, आणि लेकीला सॅण्ड बोआ आवडलाय. आमच्या अपेक्षा तीनच: फार मोठा होऊ नये, चावरा नसावा, लेकीला हातात घेता यावा. आणखी एक, आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे. सासूबाई उन्हाळ्यात सांगलीहून येतील. घरात जिवंत उंदीर आणायची वेळ येणार नाही ना, एवढं आधी सांगा.

मिडलंड्सकर:
केनियन सॅण्ड बोआचा नर घ्या, डोळे झाकून. जेमतेम दीड फुटाचा होतो. मादी मात्र बरीच मोठी आणि जाड होते, तेव्हा नर आहे याची खात्री करून घ्या. माझ्याकडचा आजवर कुणाला चावलेला नाही.

रानवाट:
ताई, मी साताऱ्याला कॉलेजात असताना सर्पमित्रांबरोबर घराघरांतून साप पकडून रानात सोडायला जायचे. आता बर्मिंगहॅमला आहे आणि घरी पाळलेले साप आहेत. माझं स्पष्ट मत सांगते: कॉर्न स्नेक घ्या. आणि अगदी अंड्यातून निघालेलं पिल्लू घेऊ नका, सहा महिने ते वर्षभराचा, नेमाने खाणारा घ्या.

लहान साप म्हणजे सोपा साप, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. हॉगनोजचा नर लहान राहतो हे खरं, पण बरेच हॉगनोज मध्येच खाणं सोडून बसतात. शिवाय घाबरला की मान चपटी करून जोरात फुसकारतो. ते बहुतेक वेळा नुसतं नाटक असतं, पण नवख्या मुलीचा हात मागे जाईल. त्याच्या मागच्या दातांशी सौम्य विषही असतं. माणसाला सहसा सुजेपलीकडे काही होत नाही, तरी पहिला साप म्हणून मी तो 11 वर्षांच्या मुलीच्या हातात देणार नाही.

रॉयल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. स्वभावाने अतिशय गरीब, घाबरला की गुंडाळी करून डोकं आत लपवतो. पण त्याला हवेत ओलावा जास्त लागतो, काही जण महिनोन्‌महिने उपाशी राहतात आणि घरातली सगळी माणसं काळजीत पडतात. नीट सांभाळला तर 25-30 वर्षं जगतो. लेक तोवर चाळिशीला आलेली असेल.

मिडलंड्सकर दादा म्हणतात तो सॅण्ड बोआ खरंच गुणी आहे. आपल्या मांडुळाच्याच कुळातला. पण तो दिवसभर वाळूत पुरलेला असतो, वर दिसले तर दोन डोळे. तुमच्या लेकीने इतकी वर्षं वाट पाहिलीय, तिला साप दिसायला हवा. कॉर्न स्नेक फांदीवर चढतो, संध्याकाळी पेटीभर हिंडतो, हातावरून सावकाश सरकत जातो. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा साप दिसायला, वागायला आपल्याकडच्या तस्कर सापाच्या जवळचा. पूर्वी दोघांना एकाच प्रजातीगटात, ‘एलाफे’त धरत असत. पूर्ण वाढला की साधारण तीन ते पाच फूट, पण सडपातळ राहतो. आयुष्य 15-20 वर्षं. म्हणजे लेक युनिव्हर्सिटीत गेली की साप तुमच्याकडेच. हे तुम्ही दोघांनी आजच मनाशी ठरवा.

आता खाणं. जिवंत उंदीर अजिबात लागत नाही, आणि देऊही नये. घाबरलेला उंदीर सापालाच कुरतडून जखमी करतो. इथे सगळे फ्रोजन उंदीर देतात. लहान सापाला आठवड्यातून एक पिल्लू, मोठ्याला दहा-चौदा दिवसांतून एक मोठा उंदीर. सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा उंदीर, हे माप. पिशवीत घालून फ्रीजमध्ये वितळवायचा, मग कोमट पाण्यात पिशवी बुडवून ऊब आणायची आणि लांब चिमट्याने द्यायचा. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही.

लेस्टरकरीण:
रानवाटताई, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. पण उंदीर आमच्या फ्रीजरमध्ये सासूबाई ठेवू देणार नाहीत आणि त्यांचं मन मला मोडायचं नाही. फक्त अंडी खाणारा साप असतो असं लेकीने वाचलंय. तो चालेल का?

रानवाट:
असतो, आफ्रिकेतला. तोंडात दात जवळजवळ नाहीतच. अंडं अख्खं गिळतो, मणक्याच्या आतल्या टोकांनी घशात फोडतो आणि टरफल चुरगळून बाहेर टाकतो. बघायला विलक्षण! पण पिल्लांना फिंचसारख्या चिमुकल्या पक्ष्यांची अंडी लागतात, कोंबडीच्या अंड्याचा उपयोग नाही. मोठ्या मादीला लावेची चालतात, तीही ताजी. विकायला येणारे बरेचसे रानातून पकडलेले असतात. पहिला साप म्हणून नको.

सासूबाईंचा मान राखायचा असेल तर एक छोटा वेगळा फ्रीजर गॅरेजमध्ये ठेवा. चिमटा वेगळा, भांडं वेगळं, स्वयंपाकघराशी संबंध नाही. तसंही हे स्वच्छतेसाठीच हवं. सापांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, म्हणून साप स्वयंपाकघरात आणू नये आणि हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवावेत. हे जमणार नसेल तर साप घेऊ नका, असं मी मनापासून सांगेन. साप मांसाहारीच आहे, दूध त्याचं अन्न नाही. नागपंचमीला उपाशीतापाशी नागांना दूध पाजल्यावर त्यांचे किती हाल होतात, ते मी पाहिलंय.

हडपसरवाला:
मध्येच विचारतो. पुण्यात मला असा कॉर्न स्नेक पाळता येईल का? नाहीतर घराजवळ धामण, तस्कर दिसतातच.

रानवाट:
दादा, आपल्याकडचा कुठलाही साप पाळू नका, बिनविषारी असला तरी. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. मांडूळ तर अंधश्रद्धेपायी पकडून विकतात, त्या वाटेला जाऊच नका. रॉयल पायथन, केनियन सॅण्ड बोआ यांच्यासारख्या साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतल्या परदेशी प्रजातींची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी लागते. त्यासाठी 2024 साली नियम निघालेत. कुठलाही परदेशी साप असो, पैसे देण्याआधी वनविभागात जाऊन विचारा.

लेस्टरकरीण:
गॅरेजची युक्ती सासूबाईंना फोनवर सांगितली, त्या हो म्हणाल्या! शनिवारी एका ब्रीडरकडे जातोय. काय बघायचं?

रानवाट:
वा! सगळ्यात आधी विचारा: शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं, कात कधी टाकली. चांगला ब्रीडर लिहून ठेवतो. नोंद नसेल तर तुमच्यासमोर फ्रोजन उंदीर खाऊन दाखवायला सांगा, आणि त्या दिवशी साप घरी नेऊ नका. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हलवलं तर ओकतो.

हातात घेतल्यावर अंग भरीव लागलं पाहिजे, पाठीचा कणा वर आलेला नको. नाकाशी बुडबुडे, तोंड उघडून श्वास, गळ्याखाली काळे ठिपके म्हणजे माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे), यातलं काही दिसलं तर परत या. डोळे निळसर धूसर असतील तर घाबरू नका, कात टाकायला आलाय.

पेटी आधी लावून आठवडाभर चालवा, साप नंतर आणा. एका टोकाला 28-30 अंश, दुसऱ्या टोकाला 22-24, दोन्हीकडे लपायला जागा, पाण्याचं जड भांडं. उष्णतेला थर्मोस्टॅट लावलाच पाहिजे. त्याविना हीट मॅट तापत जाते आणि साप खालून भाजतो. झाकणाला कुलूप लावा, कॉर्न स्नेक अर्ध्या इंचाच्या फटीतून निघून जातो. पहिला आठवडा कुणीही हात लावायचा नाही, लेकीनेसुद्धा. एकदा खाल्लं, दोन दिवस गेले, की मग पाच-दहा मिनिटं, बाजूने हात घालून, वरून नाही. चावलाच तर टाचणी टोचल्यासारखं होतं, साबणाने धुवायचं.

आणि खरेदी तुमच्या नावावर करा. इथे 16 वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकायला बंदी आहे. पण नाव लेकीलाच ठेवू दे.