मदत हवी आहे: पोट सुटलेली मार्टिन गिटार घ्यावी का?

मंडळी, दादरला एकांकडे मार्टिन ०००-२८ईसी विकायला आहे, गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या नावाची. काल जाऊन वाजवली. वरची स्प्रूसची फळी मधासारखी पिवळी झालीय, कडेने हेरिंगबोनची (माशाच्या काट्यासारखी) नक्षी, पाठ आपल्या भारतीय रोझवूडची. स्केल (तारेची वाजणारी लांबी) २४.९ इंच, म्हणजे जरा आखूड, त्यामुळे तारा बोटांना मऊ लागतात. जी कॉर्ड छेडली आणि मी गारच!

पण गिटारने मुंबईचे चार पावसाळे काढलेत. ब्रिजच्या (तारा जिथे फळीला अडकतात ती पट्टी) मागे पोट किंचित सुटलंय, म्हणजे फळी फुगलीय; बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरची धातूची पट्टी) तारा उंच वाटल्या. सॅडल (ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी) घासून भागेल, की नेक रीसेटच (दांडा काढून नव्या कोनात बसवणं) करावा लागेल? ब्रिज फळीपासून सुटलाय का, म्हणजे त्याखाली कागद सरकतो का, ते बघायचं राहिलं (वाजवण्यातच वेळ गेला). मुंबई-पुण्यात भरवशाचा कारागीर आहे का कुणी? मालक रविवारपर्यंतच थांबणार आहेत.