मदत हवी आहे: दोन सर्व्हरवर एकाच माणसाचे एंट्रीयूयूआयडी वेगळे, नांदेडला एकच यूआयडी दोनदा

खामकाठ:
राम राम मंडळी. कमांडा आणि स्विच देवनागरीतच लिहितोय, समजून घ्या.

ओपनएलडॅप (खात्यांची डिरेक्टरी) २.५.१३, डेबियन १२, डेटाबेस एमडीबी. प्रोव्हायडर, म्हणजे मूळ सर्व्हर, छत्रपती संभाजीनगरला; त्याची फक्त वाचायची नक्कल, म्हणजे कन्झ्युमर, नांदेडच्या शाखेत. नक्कल सिंकरेपलने होते, रिफ्रेश अँड पर्सिस्ट (जोडणी चालू ठेवून बदल लगेच घेणं), आरआयडी ००१, प्रोव्हायडरवर सेशनलॉग (अलीकडच्या बदलांची नोंद) ५००. एकूण ३,८१२ एंट्र्या. नेक्स्टक्लाउड (फायली ठेवायची सेवा) एचएप्रॉक्सीमार्फत, म्हणजे विनंत्या वाटणाऱ्या सर्व्हरमार्फत, दोन्हींकडून वाचतं. नांदेडचं वायफाय फ्रीरेडियसवरून (लॉगिन तपासणारा सर्व्हर) थेट तिथल्याच कन्झ्युमरला विचारतं.

निकाल लागल्यावर ६४ जणांना 'विद्यार्थी' ओयूमधून (ओयू म्हणजे डिरेक्टरीतला विभाग) 'माजी' ओयूत हलवलं. संभाजीनगरला बरोबर हलले. नांदेडला मात्र जुन्या जागीही आहेत आणि नव्या जागीही. फ्रीरेडियस म्हणतं एका यूआयडीला (लॉगिन नावाला) दोन एंट्र्या सापडल्या, आणि लॉगिन नाकारतं. त्यातल्या काही जणांना नेक्स्टक्लाउडवर कोरं खातं दिसू लागलंय, फायली गायब.

तपासलं तर जवळपास सगळ्यांचाच एंट्रीयूयूआयडी (सर्व्हरने एंट्रीला दिलेला कायमचा ओळख क्रमांक) दोन्हीकडे वेगळा निघाला. गंमत अशी की कुणी पासवर्ड बदलला की तेवढ्याचाच नांदेडचा यूयूआयडी आपोआप बदलून संभाजीनगरसारखा होतो. कॉन्टेक्स्टसीएसएन (सीएसएन म्हणजे बदलाचा वेळेसकट शिक्का, हा अख्ख्या डेटाबेसचा शेवटचा) दोन्हीकडे आकड्याला आकडा सारखा, त्यामुळे मॉनिटरिंग हिरवंगार. एलडॅपमॉडिफायने यूयूआयडी हाताने बदलायला गेलो तर कोड १९, 'नो यूजर मॉडिफिकेशन अलाउड'. कामून असं होऊ लागलंय?

मांजरा_४१३:
भाऊ, नांदेडचा डेटाबेस शेवटचा कधी आणि कशातून भरला होता? आणि महिनोन्महिने कुणी हात न लावलेली एक एंट्री दोन्ही सर्व्हरवरून आणा, अ‍ॅट्रिब्यूटच्या जागी अधिकचं चिन्ह देऊन, म्हणजे ऑपरेशनल अ‍ॅट्रिब्यूट दिसतील. लॉगलेव्हल सिंक ठेवून एखाद्या पासवर्ड बदलाच्या वेळच्या ओळीही द्या.

खामकाठ:
ग्रंथालयाच्या एका खात्याचं बघा.
संभाजीनगर: यूयूआयडीचे शेवटचे चार आकडे ४७१२, एंट्रीसीएसएन २०२३०८१७०५१२४४.५६०९१२झेड#००००००#०००#००००००
नांदेड: शेवटचे चार ९०३६, एंट्रीसीएसएन २०२५०६१४०७३२११.०४१८३७झेड#००००००#०००#००००००
नांदेडला क्रिएटटाइमस्टँपही १४ जून २०२५ चाच. त्याच दिवशी तिथली डिस्क बदलली होती. रिस्टोअर स्क्रिप्टमध्ये रात्री २ च्या एलडॅपसर्चचं एलडिफ (एंट्र्यांची मजकूर फाइल) घेतलंय आणि ते डेटाबेसमध्ये भरणाऱ्या स्लॅपअ‍ॅडला डॅश डब्ल्यू दिलंय.
लॉगमध्ये बीई अ‍ॅड, कोड ६८. लगेच खाली बीई मॉडिफाय, कोड ०.

मांजरा_४१३:
मग दुखणं तिथंच आहे. एलडॅपसर्चने अधिकचं चिन्ह न देता काढलेल्या एलडिफमध्ये एंट्रीयूयूआयडी, एंट्रीसीएसएन, क्रिएटटाइमस्टँप यातलं काहीच येत नाही. स्लॅपअ‍ॅडला ते मिळालं नाही की तो स्वतः नवीन तयार करतो. म्हणून नांदेडला सगळ्यांचा जन्म १४ जूनचा. ०७३२११ हा यूटीसी आहे, आपल्या घड्याळात दुपारी १ वाजून २ मिनिटं.

त्यावर डॅश डब्ल्यू. तो डेटाबेसमधला सगळ्यांत मोठा सीएसएन उचलून कॉन्टेक्स्टसीएसएन म्हणून लिहितो. इथे सगळ्यांत मोठा म्हणजे 'आत्ता'. त्यामुळे नांदेडने संभाजीनगरला सांगितलं, 'माझ्याकडे दुपारी १ पर्यंतचं सगळं आहे.' खरं तर होतं रात्री २ पर्यंतचं. मधल्या अकरा तासांतले बदल नांदेडला कधीच आलेले नाहीत आणि आपोआप येणारही नाहीत. त्यानंतरचे येतात. कॉन्टेक्स्टसीएसएन जुळतो तो याच कारणाने. तो फक्त 'कुठपर्यंत ऐकलं' एवढंच सांगतो, काय साठवलंय ते सांगत नाही.

आता ६८. सिंकरेपल एंट्री ओळखतो ती यूयूआयडीवरून, डीएनवरून (डिरेक्टरीतल्या पूर्ण पत्त्यावरून) नाही. पासवर्ड बदलला की प्रोव्हायडर ४७१२ वाली एंट्री पाठवतो. नांदेडला ४७१२ सापडत नाही, म्हणून तो अ‍ॅड करायला जातो. त्या डीएनवर आधीच कुणीतरी बसलंय, म्हणून ६८. मग तो डीएनवरून ती एंट्री शोधून आलेल्या मजकुराप्रमाणे बदलतो, यूयूआयडीसकट. तुम्हाला 'आपोआप' वाटलं ते हेच.

ओयू बदलताना हा सांभाळ कामाला येत नाही. ४७१२ सापडला नाही, नव्या डीएनवर कुणी नाही, म्हणून अ‍ॅड बिनबोभाट झाला. जुनी ९०३६ वाली जुन्या जागीच राहिली. झाले दोन.

सगळ्यांत वाईट म्हणजे डिलीट. तोही यूयूआयडीनेच येतो. नांदेडला सापडला नाही की काहीच होत नाही. १४ जूननंतर काढून टाकलेली माणसं नांदेडच्या वायफायवर अजून शिरत असतील. आधी ते बघा.

दुधना:
एवढं कशाला? नांदेडला स्लॅपडी (ओपनएलडॅपचा सर्व्हर प्रोग्राम) थांबवून डॅश सी आरआयडी ००१ देऊन सुरू करा. कुकी ('कुठपर्यंत ऐकलं' ते सांगणारी चिठ्ठी) रिकामी जाते, सगळं नव्याने येतं.

मांजरा_४१३:
दुधनाभाऊ, पूर्ण रिफ्रेश होईल हे खरं. पण चालू सर्व्हरवर ३,८१२ एंट्र्या एकेक करून ६८ खाऊन बदलत बसतील, वर त्या ६४ जुळ्या आणि नांदेडला पुसायच्या राहिलेल्या एंट्र्या आहेतच. तोवर नांदेडकरांना अर्धं जुनं अर्धं नवं दिसेल. पाटी पुसून लिहिलेलं बरं, काम पंधरा मिनिटांचं आहे.

आणि खामकाठ, एक सुरुंग पायाखाली आहे. तुमच्याकडे सेशनलॉग आहे म्हणून आजवर निभावलं. नांदेडची लाइन तुटली आणि तेवढ्यात प्रोव्हायडरवर ५०० पेक्षा जास्त बदल झाले, तर जोडणी परत आल्यावर प्रोव्हायडर प्रेझेंट फेज सुरू करेल. म्हणजे 'माझ्याकडे हे हे यूयूआयडी आहेत' अशी यादी पाठवेल. यादीत नसलेलं सगळं नांदेड पुसून टाकेल, आणि तुमचं तर जवळपास काहीच यादीत नाही. ज्या ओयूखाली अजून मुलं आहेत त्या पुसता येत नाहीत, त्यांचं ग्लू होतं, म्हणजे नुसता रिकामा सांगाडा उरतो. ग्लू एंट्री साध्या सर्चला दिसतही नाही, एलडॅपसर्चला मोठा एम द्यावा लागतो. नांदेड दुरुस्त होईपर्यंत बल्क अपडेट चालवू नका.

सिंदफणा:
मांजराभाऊंच्या निदानावर पायऱ्या देते.

आधी ठरवा कुणाचा यूयूआयडी जगवायचा. नेक्स्टक्लाउडच्या एलडॅप यूजर मॅपिंगच्या टेबलात डिरेक्टरी यूयूआयडी नावाचा रकाना असतो. तिथले बहुतेक संभाजीनगरशी जुळत असतील तर प्रश्न सरळ आहे. दोन्हीकडे नवीन यूयूआयडी पाडायच्या भानगडीत पडू नका, सगळीच खाती अनोळखी होतील.

प्रोव्हायडरवर स्लॅपकॅट (डेटाबेस एलडिफमध्ये काढणारी कमांड), डॅश बी देऊन सफिक्स (डिरेक्टरीचं मूळ नाव), डॅश एल देऊन फाइल. एमडीबी असल्याने स्लॅपडी चालू असला तरी चालतं. फाइल आली की डीएनने सुरू होणाऱ्या ओळी आणि एंट्रीयूयूआयडीने सुरू होणाऱ्या ओळी मोजा, आकडा एकच यायला हवा. डीएन मोजताना एकाच कोलनपर्यंतचा पॅटर्न द्या. मराठी नावाचे डीएन बेस६४ मध्ये दोन कोलननी येतात, तेही त्यात धरले जातात.

नांदेड एचएप्रॉक्सीतून काढा, स्लॅपडी थांबवा, तिथलाही स्लॅपकॅट घेऊन ठेवा. नेक्स्टक्लाउडमध्ये ९०३६ सारखे आकडे कुठून आले ते शोधायला तोच लागेल. मग व्हार-लिब-एलडॅपमधल्या डेटा आणि लॉक या दोन्ही एमडीबी फायली बाजूला हलवा. कॉन्फिगला हात लावू नका.

स्लॅपअ‍ॅड डॅश क्यू, सफिक्स, फाइल. डॅश डब्ल्यू नको, कॉन्टेक्स्टसीएसएन एलडिफमध्ये आहेच. ओपनएलडॅप या यूजरने चालवा. रूटने चालवलं तर फायली रूटच्या होतात आणि स्लॅपडी उठतच नाही. नव्वद टक्के लोक इथंच धडपडतात. सुरू करण्याआधी एंट्रीयूयूआयडी आणि एंट्रीसीएसएनवर इक्वॅलिटी इंडेक्स आहे ना तेही बघून घ्या.

पडताळणी कॉन्टेक्स्टसीएसएनवर सोडू नका. दोन्हीकडे डीएन आणि एंट्रीयूयूआयडी काढा, एलडिफ-रॅप नो देऊन, नाहीतर लांब डीएन मोडून दोन ओळींत येतो. ऑकने प्रत्येक एंट्री एका ओळीत आणा, सॉर्ट, डिफ. हे रूटडीएनने (डिरेक्टरीच्या सर्वाधिकारी खात्याने) करा. साध्या यूजरला मूळ मर्यादा ५०० एंट्र्यांची असते, ५०० जुळल्या की तुम्ही खूश आणि उरलेल्या ३,३१२ बघितल्याच नाहीत.

खामकाठ:
ताई, नेक्स्टक्लाउडमधल्या कोऱ्या खात्यांचं काय?

सिंदफणा:
ती खाती पहिल्यांदा नांदेडवरून मॅप झाली असणार. डीएन तोच असेपर्यंत नेक्स्टक्लाउडला फरक पडत नाही, ते आधी डीएनवरून बघतं. डीएन बदलला की यूयूआयडीवरून ओळख पटवतं, आणि तुमच्याकडे नेमका तोच दुसरा निघाला.

टेबलाचा डंप घ्या. कोऱ्या खात्यांच्या मॅपिंगच्या ओळी पुसून टाका. तेवढ्या मुलांना प्रोव्हायडरवर जुन्या ओयूत परत आणा, नुसतं हलवल्याने त्यांचा यूयूआयडी बदलत नाही. मग ओसीसीची (नेक्स्टक्लाउडचं कमांड साधन) एलडॅप अपडेट यूयूआयडी ही कमांड, आधी ड्राय रनने. आकडे पटले की खरी चालवा, आणि मगच मुलांना 'माजी'मध्ये हलवा. हे सगळं नांदेड दुरुस्त झाल्यावर, आधी नाही.

दुधना:
आमच्याकडे ओपनएलडॅपऐवजी ३८९ डिरेक्टरी सर्व्हर आहे, तिथं असंच होतं का?

सिंदफणा:
तिथं तो अ‍ॅट्रिब्यूट एनएसयुनिकआयडी. डीबी टू एलडिफ (तिथली स्लॅपकॅटसारखी कमांड) चालवताना डॅश आर दिला नाही तर रेप्लिकेशनची माहिती फाइलमध्ये येत नाही, आणि मग जनरेशन आयडी वेगळा असल्याची तक्रार येते. डॅश यू दिला तर युनिक आयडीच वगळले जातात. शक्य असेल तिथं फाइल टाळून रेप्लिकेशनच्या अ‍ॅग्रीमेंटवरूनच ऑनलाइन इनिशिअलाइझ करा.

खामकाठ:
झालं. डीएन आणि यूयूआयडी दोन्ही ३,८१२. स्लॅपअ‍ॅड काही सेकंदांत आटोपला. पहिल्या डिफमध्ये एक ओळ आली. दोन सर्चच्या मध्ये संभाजीनगरला कुणीतरी नवीन खातं उघडलं होतं, परत चालवल्यावर काहीच नाही. जुन्या नांदेडच्या स्लॅपकॅटमध्ये काढून टाकलेली ११ माणसं जिवंत सापडली, त्यातल्या दोघांनी मागच्याच आठवड्यात वायफाय वापरलंय. नेक्स्टक्लाउडच्या ड्राय रनमध्ये ४१ खाती दिसली, कोरी ९. रात्री २ च्या क्रॉनमधली एलडॅपसर्चची ओळ काढून स्लॅपकॅट टाकलाय, आणि डिफची स्क्रिप्ट रोज सकाळी ६ ला लावलीय.