गोल्डफिशचं हिरवं पाणी: ओतून द्यायचं की जपायचं?

शेवाळी

माझ्या २०० लिटरच्या टबात पाच रान्चू (गोल्डफिशची एक जात) आहेत. टब उघड्यावर आहे, सकाळचं चारेक तास ऊन मिळतं, आणि पाणी हिरवं आहे. पाहायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "पाणी कधी बदलणार?" पाणी मी परवाच बदललेलं असतं. हिरवा रंग मी मुद्दाम राखतो.

हिरवं पाणी म्हणजे घाण, हा समज गोल्डफिश पाळणाऱ्यांनी सोडावा असं मला मनापासून वाटतं. काचेला किंवा दगडाला चिकटणारं शेवाळ वेगळं. इथे क्लोरेलासारखं एकपेशीय शेवाळ पाण्यात तरंगत असतं. गोल्डफिश भरपूर खातो आणि भरपूर अमोनिया सोडतो. हे शेवाळ तो अमोनिया थेट उचलतं, नायट्रेट आणि फॉस्फेटही घेतं, दिवसा ऑक्सिजन सोडतं. मासे दिवसभर ते थोडंथोडं गिळत राहतात. लाल-केशरी रंगासाठी लागणारी कॅरोटिनॉइड्स गोल्डफिशला स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळावी लागतात, आणि शेवाळात ती असतात. जपानमधले रान्चू पाळणारे या पाण्याला 'आओमिझु' म्हणतात. हिवाळ्यात मासे खाणं सोडून शांत पडून राहतात, तेव्हा ते त्यांना अशाच पाण्यात ठेवतात.

माझं म्हणणं इतकंच, की हे पाणी पिकासारखं वाढवावं आणि पिकासारखं राखावं.

नितळ

पूर्ण असहमत, आणि त्यामागे स्वतःचे मासे गमावल्याचं दुःख आहे. उन्हाळ्यात माझ्या टबाचं पाणी गर्द हिरवं झालं होतं. मीही तेव्हा "नैसर्गिक आहे, असू दे" म्हणत होतो. एका रात्री वीज गेली, एअर पंप बंद पडला. पहाटे तीन ओरांडा (गोल्डफिशचीच दुसरी जात) मेलेले सापडले आणि उरलेले दोन पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत होते.

दिवसा ऑक्सिजन देणारं शेवाळ रात्री तोच ऑक्सिजन घेतं, हे तुमच्या लेखात एका ओळीनेही आलेलं नाही. त्यात २० अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे गरमीत मुळात साठा कमी, आणि त्यावर मासे, शेवाळ, जिवाणू असे तिघे वाटेकरी. सूर्योदयाच्या आधीचा तास सर्वांत वाईट.

दुसरा मुद्दा पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे हे सांगणाऱ्या आकड्याचा. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच चढतो. पाण्याची क्षारता (पीएच स्थिर ठेवण्याची ताकद) कमी असेल तर दुपारी तो ९ च्याही वर जातो आणि रात्री पुन्हा उतरतो. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. ८ ला तो ५ टक्क्यांच्या वर जातो, ९ ला ३६ टक्के. टेस्ट किटवर जो आकडा सकाळी निरुपद्रवी वाटतो, तोच दुपारी कल्ले भाजणारा ठरू शकतो. याला पीक म्हणायला मी तयार नाही.

शेवाळी

तुमच्या माशांबद्दल वाचून वाईट वाटलं. रात्रीच्या ऑक्सिजनचा मुद्दा मी पहिल्याच लेखात लिहायला हवा होता, ती चूक मान्य.

पण तुमचा शब्द बघा: गर्द हिरवं. मी राखतो ते फिकट. टबाच्या तळाशी एक पांढरी बशी ठेवली आहे. माझ्याकडे पाण्याची खोली ३० सेंटिमीटर आहे. वरून बशीची कड स्पष्ट दिसली तर ठीक. कड पुसट झाली की त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी काढून ताजं भरतो. बशी दिसेनाशी होईपर्यंत मी कधीच थांबत नाही. एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) चोवीस तास चालू असतो, आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप आहे. तो नसेल तर हिरव्या पाण्याच्या वाटेला जाऊच नये, हे तुमचं म्हणणं मी माझं म्हणून लिहितो.

पीएच पहाटे आणि दुपारी तीनला असा दोनदा मोजावा. फरक एका अंकाहून जास्त दिसू लागला तर माझ्या लेखी शेवाळ दाट झालंय किंवा क्षारता कमी पडतेय. अशा वेळी दुपारच्या उन्हाला जाळी बांधायची आणि पाणी पातळ करायचं.

पिल्लांची_ताई

दोघांचंही वाचतेय. मी मोठे मासे स्वच्छ पाण्यातच ठेवते, पण पिल्लांच्या बाबतीत शेवाळी यांच्या बाजूने आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू पोटाखालची बलक-पिशवी संपवून पोहायला लागतं, तेव्हा त्याचं तोंड इतकं बारीक असतं की पूड केलेलं खाणंही मोठं पडतं. मुरलेल्या हिरव्या पाण्यात सूक्ष्मजीव असतात, पिल्लं दिवसभर ते टिपत राहतात. कोरडी पूड टाकली की उरलेली कुजते आणि एका दिवसात पाणी बिघडतं. हिरव्या पाण्यात माझी पिल्लं जास्त जगली आहेत.

नितळ

पिल्लांपुरतं मान्य. ती लहान असतात, संख्येच्या मानाने घाण कमी करतात, आणि तो काळ काही आठवड्यांचाच असतो.

मोठ्या माशांबद्दल मात्र माझा खरा आक्षेप अजून मांडायचा आहे. स्पंज फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढतात ते अमोनियाच्याच जोरावर. हिरव्या पाण्यात तो आधी शेवाळ उचलतं. जिवाणूंना खायला उरत नाही, त्यांची वसाहत लहानच राहते. मग सलग चार दिवस ढगाळ गेले, किंवा कुठल्याही कारणाने शेवाळ एकदम मेलं, की एका दिवसात पाणी तपकिरी किंवा अचानक नितळ होतं. मेलेलं शेवाळ कुजून अमोनिया सोडतं, आणि तो पचवणारं टबात कोणीच नसतं. फिल्टर फक्त दिसायला चालू असतो. साध्या टाकीत एक यंत्रणा बिघडली तर दुसरी असते. तुमच्या टबात सगळा भार एकाच खांबावर आहे.

आणि रंगाचं श्रेय शेवाळाला देण्याआधी उन्हाचा विचार करा. गोल्डफिश अंधारात ठेवला तर फिकट पडतो. तुमचे रान्चू रोज चार तास उन्हात आहेत. स्पिरुलिना असलेलं खाणं द्या, टब उन्हात ठेवा, पाणी नितळ ठेवा, रंग येईल.

शेवाळी

फिल्टरचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत वजनदार आहे. तो मला खोडता येत नाही. माझा उपाय असा: दुसऱ्या स्वच्छ टाकीत दोन जास्तीचे स्पंज कायम चालू असतात. टबातलं पाणी फिक्या हिरव्याकडून शेवाळी-तपकिरीकडे झुकलं, वर न फुटणारा फेस साचला, किंवा मातकट वास आला, की मासे त्याच संध्याकाळी त्या टाकीत जातात. अशा वेळी पाणी वाचवण्याचा प्रयत्न करू नये. या पाण्यालाही वय असतं. म्हातारं होऊ दिलं तर ते कोसळतं, म्हणून थोडंथोडं काढून तरुण ठेवायचं.

रंगाबद्दल: माझे दोन टब शेजारी आहेत, ऊन सारखंच, खाणंही तेच. हिरव्यातले मासे जास्त गडद झाले. पाच-पाच माशांवरून काही सिद्ध होत नाही हे कबूल, पण मी जे रोज पाहतो ते सांगतो आहे.

नवखा१२

हे पाणी सुरू कसं करतात? माझ्याकडे १०० लिटरचा रिकामा टब आहे, दोन लहान गोल्डफिश सध्या काचेच्या टाकीत आहेत.

शेवाळी

मासे टाकीतच राहू द्या. टाकीचं पाणी बदलताना जे काढाल ते टबात ओता. त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असतं, शेवाळाचं खत तेच. कोणाकडे चांगलं हिरवं पाणी असेल तर एक-दोन लिटर विरजणासारखं घाला. एअर स्टोन मंद सोडा, म्हणजे शेवाळ तळाशी बसणार नाही. ऊन चांगलं असेल तर एक-दोन आठवड्यांत हिरवी झाक येते. विरजण नसेल तर जास्त दिवस लागतात, घाईने काही टाकू नका. बागेचं खत तर अजिबात नको, त्यात अमोनियम असतं आणि याच पाण्यात पुढे मासे सोडायचे आहेत.

रंग आला की अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनिया पचवताना मध्ये तयार होणारं, तेही विषारी) शून्य आहे का पाहा, मग एक मासा सोडा. दुसरा आठवड्याने.

नितळ

नवख्याला एवढं सांगताय तर दोन गोष्टी राहिल्या. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (जंतू मारायला घातलेलं रसायन) असेल तर ते पाणी रात्रभर भरून ठेवल्याने उडत नाही, ते घालवणारं औषध घालावंच लागतं. आणि प्रत्येक हिरवं पाणी म्हणजे क्लोरेला नव्हे. निळं-हिरवं शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, असेल तर त्यातल्या काही जाती विष तयार करतात. वर रंग सांडल्यासारखा थर आणि उग्र वास आला तर मासे त्यात सोडू नयेत. बरणीत पाणी भरून रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. हिरवा थर वर तरंगला तर सायनोबॅक्टेरियाची शंका घ्या. साधं हिरवं शेवाळ बहुतेक खाली बसतं.

शिवाय दाट पाण्यात माशाच्या अंगावरची जखम, पांढरे ठिपके, ताठ न राहणारे पंख काही दिसत नाही. गोल्डफिश आजारी आहे हे कळेपर्यंत उशीर होतो.

शेवाळी

दोन्ही सूचनांबद्दल आभार, बरणीची चाचणी मीही करून बघेन. तपासणीसाठी मी दर रविवारी मासे पांढऱ्या पसरट भांड्यात त्याच पाण्यात घेतो आणि वरून, बाजूने नीट पाहतो. रान्चू तसाही वरून पाहायचा मासा. पण आठवड्याच्या मधल्या सहा दिवसांत मी कमी पाहतो, हे खरं.

नितळ

माझे ओरांडा नितळ पाण्यातच राहतील. मला ते रोज पूर्ण दिसायला हवेत. पण एक बदल करतोय. कडेच्या बादलीत आपोआप हिरवं होणारं पाणी मी आजवर ओतून द्यायचो. ताई, त्यात डाफ्निया (पाण्यातले बारीक जीव) वाढवता येतील का? माशांना जिवंत खाणं मिळेल.

पिल्लांची_ताई

नक्की. डाफ्निया शेवाळ गाळूनच जगतात. फक्त मूठभर एकदम सोडू नका, भराभर वाढून दोन-चार दिवसांत पाणी काचेसारखं करतात आणि मग उपाशी मरतात. दोन बादल्या ठेवा: एक उन्हात नुसत्या हिरव्या पाण्याची, दुसरी सावलीत डाफ्नियाची. दुसरीतलं पाणी फिकट झालं की पहिलीतलं तांब्याभर घाला. पहिलीत एकही डाफ्निया जाऊ देऊ नका, तांब्यासुद्धा वेगळा ठेवा.