मदत हवी आहे: 'वॉकर' आडनावाचा माग १७४३ च्या मागे कसा काढायचा?

नमस्कार मंडळी, मी लीड्सला राहते. शेजारच्या आजींचं आडनाव वॉकर, त्यांना आता बारीक अक्षर वाचवत नाही म्हणून त्यांच्या घराण्याचा शोध मीच घेतेय आणि त्यात पुरती अडकलेय. इथे कोणी इंग्लंडमधली जुनी रेकॉर्ड्स हाताळली असतील तर प्लीज सांगा.

आधी आडनावाबद्दल, कारण बरेच जण वॉकर म्हणजे चालणारा, वाटसरू वगैरे समजतात. हा कापडाचा धंदा आहे. विणून आलेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असतं, ते हौदात घालून तासन्‌तास पायांनी तुडवायचे. त्यात शिळी लघवी (हो, घरोघरून गोळा केलेली, त्यातल्या अमोनियाने चरबी सुटते) किंवा फुलर्स अर्थ, म्हणजे आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीच्या जातीची माती. तुडवून तुडवून कापड आटतं, धागे एकमेकांत रुततात आणि वीण दिसेनाशी होते, मग ते लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून उन्हात वाळवायचं. हे काम करणाऱ्याला उत्तरेत आणि मिडलंड्सला वॉकर म्हणायचे, आग्नेयेला फुलर आणि डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. धंदा एकच आणि आडनावं तीन! १८८१ च्या सेन्ससवरून केलेले आडनावांचे नकाशे बघितले तर ही विभागणी अजूनही बऱ्यापैकी दिसते, मला तर ते नकाशे बघताना वेळेचं भान राहत नाही.

पुढे पायांचं काम पाणचक्कीवरच्या लाकडी हातोड्यांनी घेतलं. आमच्या इथलं टेंपल न्यूसम (जुनी जहागीर) आहे ना, तिथे टेंप्लर लोकांची, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती लढवय्या संघाची, अशी चक्की होती, त्यांच्या ११८५ च्या पाहणीत तिची नोंद आहे. इंग्लंडमधल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक. आता तिथे लोक कुत्री फिरवायला येतात.

तर प्रश्न. आजींचं घराणं हॅलिफॅक्सच्या बाजूचं. १८४१ च्या सेन्ससपर्यंत सरळ गेले, त्यामागे पॅरिश रजिस्टरमधून (चर्चच्या हद्दीतल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या वहीतून) १७४३ चं एक लग्न सापडलं, नवऱ्याचा धंदा 'क्लोदियर' (कापड बनवणारा) लिहिलाय, म्हणजे कापडाशी नातं तेव्हाही होतं. पण या माणसाचा जन्म कुठेच सापडत नाही. हॅलिफॅक्सचं रजिस्टर १५३८ पासून आहे, तरी त्यात नाही. दुसरं म्हणजे हे आडनाव लावणारा पहिला माणूस खरंच कापड तुडवायचा का हे कुठल्या कागदावर दिसू शकतं? आजींना नेमकं हेच हवंय, नुसता तक्ता नकोय. आणि गंमत म्हणजे त्यांच्या आईचं माहेर डेव्हनमधलं, आडनाव टकर! तिकडचं कसं शोधायचं तेही सांगा.

जुनीपानं:
ताई, हॅलिफॅक्सचं पॅरिश प्रचंड मोठं होतं, त्यात एलंड आणि हेप्टनस्टॉलसारखी चॅपल्स (मुख्य चर्चखालची छोटी चर्च) होती आणि त्यांची रजिस्टर्स वेगळी आहेत. मुख्य चर्चमध्ये नाही म्हणजे नाहीच असं समजू नका. शिवाय त्या भागात चर्च ऑफ इंग्लंडपासून फुटून निघालेले लोक खूप होते, त्यांच्या मुलांची नावं चर्चच्या रजिस्टरमध्ये बऱ्याचदा नसतात. अशाच फुटून निघालेल्या पंथाचा धर्मोपदेशक ऑलिव्हर हेवूड याने सुरू केलेलं नॉर्थओरम रजिस्टर (१६४४ ते १७५२) नक्की बघा, छापील आहे.

धंद्याच्या पुराव्यासाठी १३७९ चा वेस्ट रायडिंगचा (यॉर्कशरच्या पश्चिम भागाचा) पोल टॅक्स, म्हणजे डोईपट्टीची यादी बघा. साध्या माणसाला चार पेनी आणि कारागिराला सहा पेनी किंवा जास्त, म्हणून कारागिरांसमोर धंदा लिहिलेला असतो. नाव वॉकर आणि पुढे धंदाही तोच दिसला तर तो माणूस तुडवणाराच. लॅटिनमध्ये असेल तर 'फुल्लो' शोधा. पण त्या काळात उत्तरेत आडनाव सगळ्यांचं पक्कं झालेलं नव्हतं, बाप वॉकर आणि मुलगा जॉन्सन असं सर्रास व्हायचं. त्यामुळे तो तुमच्याच आजींचा पूर्वज हे सिद्ध करायला मधली कडी लागेल आणि ती मिळाली तर वेकफिल्ड मॅनरच्या (जहागिरीच्या) कोर्ट रोल्समध्ये, म्हणजे तिथल्या न्यायसभेच्या नोंदींमध्ये मिळेल. ते १२७४ पासूनचे आहेत, हॅलिफॅक्सकडची बरीच गावं त्या मॅनरमध्ये यायची, जमीन बापाकडून मुलाकडे गेली की नोंद व्हायची. यॉर्कच्या बोर्थविक इन्स्टिट्यूट या दफ्तरखान्यातली मृत्युपत्रंही बघा.

एक्सेटरकर:
डेव्हनचं जरा वाईट आहे. १९४२ च्या बाँबहल्ल्यात इथल्या प्रोबेट ऑफिसमधली (मृत्युपत्रं कायदेशीर मंजूर करणाऱ्या कचेरीतली) मृत्युपत्रं जळाली. त्यामुळे १५२४-२५ च्या कराच्या याद्या आणि १६४१-४२ चे प्रोटेस्टेशन रिटर्न्स (निष्ठेची शपथ घेतलेल्या पुरुषांच्या याद्या) यावर भिस्त ठेवा, दोन्ही छापील मिळतात. लंडनला प्रोबेट झालेली मृत्युपत्रं मात्र वाचली, ती नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर सर्च करता येतात. आणि आजींना घेऊन एक्सेटरला याच, इथे टकर्स हॉल आहे, विणकर, फुलर आणि कापड कातरणाऱ्यांच्या संघाची १४७१ ची इमारत.

जुनीपानं:
अजून एक, डीएनए टेस्टवर लगेच पैसे घालू नका. हे आडनाव गावोगावी वेगवेगळ्या लोकांना लागलंय, दोन वॉकर म्हणजे एक घराणं असं अजिबात नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार! एलंडची रजिस्टर्स मी बघितलीच नव्हती, आज रात्री बसते. १३७९ च्या यादीचं वाचून दाखवलं तर आजी म्हणाल्या, सहा पेनीवाला सापडला तर आधी मला फोन कर. आता एकच, कोर्ट रोल्सच्या ज्या भागांचं इंग्रजी भाषांतर छापलेलं नाही ते लॅटिनमध्ये आहेत आणि अक्षर भयंकर आखूड करून लिहिलेलं. ते वाचता येणारं इथे कोणी आहे का? एखाद्या पानाचा फोटो टाकला तर चालेल ना?