मदत हवी आहे: न रंगवलेल्या रेटिनात गँग्लियन पेशी दिसतच नाहीत

शरयू_न
उंदराच्या रेटिनाचा फ्लॅट माउंट (सपाट पसरलेला पडदा) आहे. आमच्या लॅबमध्ये जुळवलेल्या डायनॅमिक फुल-फील्ड ओसीटीवर (परत आलेल्या प्रकाशातून ऊतीचे थर आणि त्यातली हालचाल दाखवणारं यंत्र) बघते आहे. मज्जातंतूंचे पट्टे झकास दिसतात, रक्तवाहिन्याही दिसतात. पण त्यांच्या लगेच खाली जिथे गँग्लियन पेशींचा (डोळ्यातले संदेश मेंदूकडे पाठवणाऱ्या पेशींचा) थर असायला हवा, तिथे काहीच नाही. डायनॅमिक इमेज तर कडेपासून कडेपर्यंत एकसारखी करडी. एलईडीची तीव्रता वाढवली, फ्रेम वाढवल्या, कॅमेरासुद्धा बदलला. काय चुकतंय? कृपया डाय, अँटिबॉडी, ट्रान्सजेनिक उंदीर हे सुचवू नका. लेबल वापरायचंच नाही. गाइडबरोबर मीटिंग तोंडावर आली आहे.

भिंगवेडा
ऑब्जेक्टिव्ह कोणतं? पाण्यात बुडणारं की कव्हरस्लिपमधून बघणारं? आणि रेटिनाची कोणती बाजू वर आहे?

कौस्तुभ_प्रकाश
फुल-फील्ड ओसीटीच्या नादी लागूच नका. टू-फोटॉन मायक्रोस्कोप घ्या. ७३० ते ७५० नॅनोमीटरला एनएडीएचची (पेशीच्या ऊर्जानिर्मितीतल्या एका रेणूची) स्वतःची निळसर चमक मिळते, लेबलची गरज नाही. आम्ही याच पद्धतीने पेशींची शरीरं पाहतो, केंद्रक काळं आणि भोवती मायटोकाँड्रियाचं उजळ कडं. शिवाय त्याच लेझरवर सेकंड हार्मोनिकचा (निम्म्या तरंगलांबीच्या प्रकाशाचा) संकेत मिळतो. ॲक्सॉनमधल्या (पेशीच्या लांब तंतूतल्या) सूक्ष्मनलिका सगळ्या एकाच दिशेच्या असतात म्हणून तो उमटतो. डेंड्राइटमध्ये (पेशीच्या आखूड फांद्यांत) त्या उलटसुलट असतात, तिथे संकेत एकमेकांना खाऊन टाकतो. एका फटक्यात तंतू आणि पेशी दोन्ही.

शरयू_न
भिंगवेडा, ऑब्जेक्टिव्ह पाण्याचं आहे. गँग्लियन बाजू वर आहे, पट्टे दिसतात म्हटलं ना. कौस्तुभ, टू-फोटॉनला लागणारा फेम्टोसेकंद लेझर आमच्याकडे नाही.

मनवा
सीएआरएस (रेणूंच्या कंपनांवरून चरबी दाखवणारी लेझर पद्धत) करून बघा. मायलिनमधल्या, म्हणजे ॲक्सॉनवरच्या वेष्टणातल्या, चरबीचा संकेत फार जोरदार असतो, ॲक्सॉन लख्ख दिसतील.

भिंगवेडा
मनवा, उंदराच्या रेटिनात ॲक्सॉनवर मायलिन नसतं. ते डोळ्यातून बाहेर पडून ऑप्टिक नर्व्हमध्ये थोडं मागे गेल्यावर सुरू होतं. सशाच्या रेटिनात मायलिनचे पट्टे असतात, तिथे तुमचं म्हणणं लागू होईल. आणि शरयूला ॲक्सॉन दिसतातच आहेत, पेशी दिसत नाहीत.

शरयू, पाण्याचं ऑब्जेक्टिव्ह थेट ऊतीवर बुडवलंय की मध्ये काच आहे? ऊती कोणत्या द्रवात आहे? तापमान किती?

शरयू_न
मध्ये कव्हरस्लिप आहे. ग्लिसरॉलचं माउंटिंग मीडियम. तापमान म्हणजे खोलीचंच, स्लाइडला कशाला हीटर?

रेवती_सू
थांबा. स्लाइड? ग्लिसरॉल? ही रेटिना पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये फिक्स केलेली, म्हणजे रसायनाने मारून टिकवलेली, आहे का?

शरयू_न
हो. सराव फिक्स केलेल्यावरच करतात ना सगळे.

रेवती_सू
मग उत्तर इथेच आहे. डायनॅमिक प्रतिमेत आपण उजेड बघत नाही, उजेडाची चुळबुळ बघतो. एकाच जागेच्या शेकडो फ्रेम घ्यायच्या आणि प्रत्येक पिक्सेल काळानुसार किती हलला ते मोजायचं. ती हालचाल येते पेशीतल्या अंगकांमुळे, मुख्यतः मायटोकाँड्रिया आणि पुटिकांमुळे, आणि त्यांना हलायला ऊर्जा लागते. फिक्स केलेल्या ऊतीत सगळं जागच्या जागी गोठलेलं असतं. उरतो तो कॅमेऱ्याचा नॉइज, म्हणजे तुमचा एकसारखा करडा पडदा. कॅमेरा कितीही बदला, तिथे मोजायला काही नाहीच.

स्थिर प्रतिमेतही पेशी का नाहीत, तेही सांगते. गँग्लियन पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. डोळ्यात प्रकाशाला त्यांना ओलांडूनच प्रकाशग्राहींपर्यंत जायचं असतं, तेव्हा त्या तशा असायलाच हव्यात. त्यांच्याकडून परत येणारा प्रकाश तंतूंच्या तुलनेत नगण्य. त्यात ग्लिसरॉलचा अपवर्तनांक पेशींच्या आतल्या भागाशी जुळत जातो, म्हणजे उरलासुरला फरकही पुसला जातो.

सदाशिव_पां
या सगळ्या महागड्या यंत्रांपेक्षा साधं फेज कॉन्ट्रास्ट का नाही? झर्निके यांना १९५३ साली त्यासाठीच नोबेल मिळालं. पारदर्शक पेशी न रंगवता बघणं हेच त्याचं काम.

भिंगवेडा
पातळ थरासाठी उत्तमच, सदाशिवराव. पण उंदराची रेटिना साधारण २०० मायक्रॉन जाड. प्रकाश सगळे थर ओलांडून येतो आणि वरखालच्या पेशींची छाया एकमेकींवर पडते. त्यापेक्षा इन्फ्रारेड डीआयसी (पारदर्शक पेशींच्या कडा उठावदार दाखवणारी पद्धत) किंवा तिरका प्रकाश बरा. पॅच-क्लॅम्प करणारे (एकेका पेशीला काचेची बारीक नळी लावून विद्युत नोंद घेणारे) जिवंत रेटिनातल्या गँग्लियन पेशी रोज अशाच शोधतात. शरयू, शेजारच्या लॅबमध्ये कुणी पॅच करत असेल तर त्यांचा मायक्रोस्कोप एका दुपारपुरता मागा. गाइडना पेशी दाखवायची असेल तर सगळ्यात लवकर तिथे दिसेल.

कौस्तुभ_प्रकाश
तरीही सांगतो, टू-फोटॉनला फिक्स केलेली ऊतीही चालते.

रेवती_सू
चालते, पण फॉर्माल्डिहाइडने ऊतीची स्वतःची चमक सगळीकडेच वाढते. मग दिसतं ते एनएडीएचचंच आहे हे कसं ठरवणार? आणि जिवंत रेटिनात तो लेझर प्रकाशग्राहींना उद्दीपित करू शकतो. शरयूचा पुढचा प्रयोग काय, यावर हे ठरेल.

मीनल_टी
काकांना ग्लॉकोमा आहे. त्यांच्या ओसीटी रिपोर्टमध्ये थराची जाडी लिहिली आहे, पेशी किती उरल्या ते नाही. दवाखान्यातल्या मशीनवर पेशी मोजता येत नाहीत का?

भिंगवेडा
नाही, मीनल. डोळ्याच्या स्वतःच्या दोषांमुळे त्या मशीनला आडवं बारीक दिसत नाही, म्हणून थराची जाडी मोजतात. जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या एकेक गँग्लियन पेशी इंडियाना विद्यापीठातल्या डोनाल्ड मिलर यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवल्या. त्यासाठी ॲडॅप्टिव्ह ऑप्टिक्सने डोळ्याचे दोष दुरुस्त केले आणि त्याच जागेच्या अनेक प्रतिमांची सरासरी काढली. ते संशोधनातलं यंत्र आहे. काकांच्या रिपोर्टबद्दल त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

शरयू_न
पुढचा प्रयोग: जिवंत रेटिना मल्टी-इलेक्ट्रोड ॲरेवर ठेवून गँग्लियन पेशींचे स्पाइक (विद्युत संदेश) नोंदवायचे, आणि कोणता स्पाइक कोणत्या पेशीचा ते प्रतिमेवरून जुळवायचं. म्हणून डाय नको. मग आता नेमकं काय करू?

रेवती_सू
हे आधी सांगायला हवं होतं, उत्तरं वेगळी आली असती. ॲरेवर गँग्लियन बाजू खाली, इलेक्ट्रोडला टेकून असते. तुमचा मायक्रोस्कोप वरून बघत असेल तर सगळी रेटिना पार करून बघावं लागेल. एकतर आधी गँग्लियन बाजू वर ठेवून प्रतिमा घ्या आणि मग रेटिना उलटी करून ॲरेवर ठेवा, किंवा पारदर्शक इलेक्ट्रोडचा ॲरे घेऊन खालून बघा.

जिवंत ऊतीसाठी एम्स मीडियम (रेटिना जिवंत ठेवणारा द्रव), त्यात सतत ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, तापमान ३२ ते ३४ अंश. वायू थांबला की पीएच बिघडतो. कव्हरस्लिप काढा, ऑब्जेक्टिव्ह थेट द्रवात. रेटिना तरंगू नये म्हणून वर हार्प (बारीक दोरे ताणलेली चौकट) ठेवा. फ्रेम घेताना पंपाचा झटका ऊतीपर्यंत पोहोचत नाही ना, ते तपासा, नाहीतर त्या थरथरीलाच पेशींची हालचाल समजाल. तंतूंचे पट्टे सापडले की फोकस अगदी थोडे मायक्रॉन खाली न्या.

कौस्तुभ_प्रकाश
आणि दिसलेल्या पेशी गँग्लियनच आहेत हे कसं ठरवणार? उंदराच्या त्या थरात निम्म्याहून जास्त पेशी अमाक्राइन (रेटिनातल्या दुसऱ्या प्रकारच्या चेतापेशी) असतात.

रेवती_सू
हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि लेबलशिवाय याचं पक्कं उत्तर मिळत नाही. आकार मोठा, त्यातून ॲक्सॉन निघताना दिसला तर खात्री. लहान पेशींबद्दल शंका राहतेच. शरयू, तुमचा लेबलला विरोध नोंद घेईपर्यंतच आहे ना? नोंद झाल्यावर तीच रेटिना फिक्स करून आरबीपीएमएस या प्रथिनाची अँटिबॉडी लावा, ती गँग्लियन पेशींनाच धरते. रक्तवाहिन्यांच्या फांद्यांवरून दोन्ही प्रतिमा जुळवता येतात.

शरयू_न
नोंद झाल्यावर लावायला हरकत नाही, गाइडना विचारते. उद्या जिवंत रेटिना मिळणार आहे. हार्पचे दोरे पेशींवर येणार नाहीत का?

भिंगवेडा
दोऱ्यांमधलं अंतर तुमच्या फील्डपेक्षा (एका वेळी दिसणाऱ्या भागापेक्षा) जास्त असलेला हार्प घ्या. दोऱ्याच्या अगदी कडेला ऊती दबलेली असते, तिथल्या पेशी मोजू नका.