मदत हवी आहे: पोलिसांनी फोनवर पेशंटची फाईल मागितली, आमच्या पोरीने पाठवूनही दिली, आता काय?

फाईलवाला:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. तालुक्याच्या गावी माझ्या ताईचं पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे, ती सर्जन, मी बिलं, मेडिक्लेम आणि कागदपत्रं बघतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

दोन महिन्यांपूर्वी जत्रेच्या रात्री चोवीस वर्षांचा एक मुलगा वडलांबरोबर आला, मनगटाजवळ खोल कापलेलं, टेंडन तुटलेलं. दोघांनीही सांगितलं की घरात खिडकीची काच लागली. ताईने हिस्टरीत तेच लिहिलं, एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) केली नाही, ऑपरेशन केलं, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज, विषय संपला.

गेल्या सोमवारी मी जिल्ह्याला गेलेलो, ताई ऑपरेशन थिएटरमध्ये. ठाण्यातनं हवालदारांचा फोन आला की त्या पोराची फाईल व्हॉट्सॲपवर टाका, अर्जंट आहे. हवालदार नेहमीचेच, आठवड्यातून दोनदा आमच्याकडे चहा पितात, त्यामुळे रिसेप्शनवरच्या मुलीला काही वावगं वाटलं नाही, तिने अख्ख्या फाईलचे अकरा फोटो काढून पाठवले. त्यात ऑपरेशनआधीचे सगळे रक्ताचे रिपोर्ट, एचआयव्हीचा पण. निकाल काय होता ते मी इथे लिहिणार नाही.

आता कळतंय की त्या रात्री जत्रेत मारामारी झाली होती, आणि समोरच्या पार्टीने केलेल्या तक्रारीत हा मुलगा आरोपी आहे. काल त्याचे वडील आले. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं, "साहेब, आमच्या पोराच्या रक्ताचं गावात कसं काय बोलतात लोक?" मला उत्तर सुचलं नाही. ते कुठून फुटलं हे मला माहीत नाही, पण कागद आमच्याकडनं गेले हे खरंय.

आणि आज परत फोन, ओरिजिनल फाईल पाठवून द्या म्हणून. द्यायची का? नाही म्हटलं तर तपासात अडथळा आणला असं होतं का? एमएलसी न करून ताई चुकली का? आणि त्या अकरा फोटोंचं आता काय करायचं?

घाटमाथा:
अहो देऊन टाका. पोलिसांशी वाकडं घेऊन तालुक्यात हॉस्पिटल चालवता येतं का? सल्ले देणारे पुण्यात बसून देतील.

जुना_एमबीबीएस:
घाटमाथा, मी पुण्यात नाही, तीस वर्षं खेड्यातच प्रॅक्टिस केली, नाही म्हणूनही केली आणि ठाण्याशी संबंध चांगले ठेवूनही केली.

फाईलवाला, तुम्ही दोन गोष्टी एकात मिसळताय. वर्दी देणं वेगळं, फाईल देणं वेगळं. मारहाण, विष, भाजलेलं, अपघात, गोळी लागलेली असा पेशंट आला की आपण ठाण्याला वर्दी देतो, म्हणजे अमुक वयाचा माणूस अमुक वाजता अशा जखमा घेऊन आलाय, एवढंच. त्यात त्याची शुगर, दारू, जुने आजार काही येत नाही. २००२ ची मेडिकल कौन्सिलची नियमावली आजही लागू आहे (२०२३ च्या ऑगस्टमध्ये नवीन आणली होती, तीन आठवड्यांत स्थगित केली) आणि पेशंटचं गुपित कधी फोडता येतं ते तिच्यात लिहिलंय: न्यायाधीशाच्या आदेशाने कोर्टात, कुणा ठराविक माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तेव्हा, आणि नोटिफायेबल, म्हणजे सरकारला कळवावाच लागतो असा आजार असेल तेव्हा. ओळखीचे हवालदार त्यात नाहीत. कायद्याने अधिकार असलेल्यांनी रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्या असंही त्याच नियमावलीत आहे, म्हणजे लपवूनही चालत नाही. पण अधिकार असलेल्यांनी, आणि नीट मागितलं तर.

ताईंचं म्हणाल तर जखम आणि हिस्टरी एकमेकांशी जुळत होती का? काचेने मनगट कापू शकतं. शंका आली नसेल तर तिने चूक केली असं मी म्हणणार नाही. शंका आली असेल आणि वडील हात जोडतायत म्हणून गप्प बसली असेल तर ती गोष्ट वेगळी, आणि ते तिलाच माहीत. काही झालं तरी आता हिस्टरीत खाडाखोड करू नका! लोक घाबरून हेच करतात आणि मग खरे अडकतात.

खाकी_निवृत्त:
मी ठाण्यातच आयुष्य काढलं म्हणून सांगतो. फोनवर मागायचं कारण दहातल्या नऊ वेळा आळस असतो, कट वगैरे काही नसतो. तपासी अंमलदाराला डायरीत लिहायचं असतं, कागद पटकन मिळाला की काम पुढे सरकतं.

१ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) जागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आलीय. जुनं कलम ९१ ते आता ९४. कागद हवा असेल तर कोर्ट समन्स काढेल, नाहीतर ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देईल. लेखी. तोंडी नाही. पत्रावर गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, नेमके कोणते कागद हवेत ते, जावक नंबर, सही, शिक्का पाहिजे. साहेब जागेवर नसले की शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा जो हजर असेल तोच प्रभारी धरतात, तेव्हा हवालदाराच्या सहीचंही पत्र येऊ शकतं, त्यावरून हुज्जत घालू नका. पत्र आलं की कागद द्या, पोच घ्या. पत्र मागितलं म्हणून अडथळ्याचा गुन्हा कुणी लावत नाही. उलट बिनपत्राचा कागद कोर्टात गेला की बचावाचा वकील आमचीच सालं काढतो.

तिरकी_रेघ:
म्हणजे कागदावर शिक्का असल्याशिवाय एक अक्षर द्यायचं नाही ना? व्हॉट्सॲपवर आलं तर सरळ ब्लॉक?

वकिलीणबाई:
नाही हो, असं नाही. नव्या ९४ मध्ये आदेश इलेक्ट्रॉनिक रूपात चालेल असं स्पष्ट लिहिलंय. ठाण्याच्या अधिकृत ईमेलवरून सहीचा आदेश आला तर फक्त कागदी नाही म्हणून नाकारू नका. बघायचं ते हे की आदेश आहे का नुसती विनंती आहे, आणि तो कुणाचा आहे. "जरा पाठवा ना" हा आदेश नव्हे.

डॉक्टरमंडळींचा एक गैरसमज असतो की वकिलाला जसं अशिलाचं गुपित कोर्टातही राखता येतं तसं आपल्यालाही आहे. नाहीये. वकिलाला ते संरक्षण पुराव्याच्या कायद्याने दिलंय, डॉक्टरला नाही. ताईंना साक्षीदार म्हणून बोलावलं, जबाब घेतला, तर "पेशंटचं आहे, सांगणार नाही" असं चालणार नाही. गुप्तता आहे ती कोर्टाच्या दाराबाहेर.

पण एचआयव्हीच्या रिपोर्टची गोष्ट निराळी. २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्याच्या कलम ८ प्रमाणे त्या माणसाची लेखी, समजून दिलेली संमती नसेल तर विश्वासाने कळलेलं त्याचं स्टेटस कुणाला सांगता येत नाही, अपवाद मोजके, त्यात कोर्टाचा आदेश आहे. ठाण्याचं नुसतं पत्र त्यात नाही. तेव्हा उद्या ९४ चं पत्र आलं तरी तो रिपोर्ट बाजूला काढा आणि उत्तरात साधं लिहा की या कायद्याने संरक्षित कागद कोर्टाच्या आदेशाने देऊ. मनगटाच्या जखमेच्या तपासाला तो लागतो कशाला?

ओरिजिनल तर मुळीच देऊ नका, सही-शिक्क्याच्या नकला द्या. मागतीलच तर जप्तीचा पंचनामा करून न्या म्हणावं, आणि त्याआधी अख्खी फाईल स्कॅन करून ठेवा.

निरुत्तर:
धागा हायजॅक करतेय, माफ करा. मी प्रसूतीच्या हॉस्पिटलात आहे. आमच्याकडे सतरा वर्षांच्या मुली येतात, पोट असतं, आई रडत असते, मर्जीने झालंय म्हणतात, पोलिसांत नको म्हणतात. तिथे काय करायचं?

वकिलीणबाई:
तिथे गप्प बसायची मुभा नाही. पोक्सोच्या (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे कळवावंच लागतं, नाही कळवलं तर कलम २१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा होता, हायकोर्टाने तो रद्द केला, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा उभा केला. मात्र त्याच वर्षी २९ सप्टेंबरला गर्भपाताच्या निकालात सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने कळवताना तिचं नाव आणि ओळख द्यायची गरज नाही. कळवा, पण नाव न देता. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि मग पोरी भोंदूंकडे जातात.

बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यात तर खाजगी हॉस्पिटलनेही फुकट उपचार करून लगेच पोलिसांना कळवायचं, बीएनएसएस ३९७.

निरुत्तर:
नाव न देता कळवता येतं हे चार वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

फाईलवाला:
अपडेट देतो. ताईला सगळं वाचून दाखवलं. हिस्टरीच्या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली जखम सरळ होती, मला तेव्हा वाटलं होतं की काच असेल तर काठ जरा वाकडेतिकडे असते, पण रात्रीचे अडीच वाजलेले. कुणी विचारलं तर आहे तसं सांगणार म्हणाली.

मी ठाण्यात गेलो. साहेब स्वतः बसले होते, पत्र मागितल्यावर पाच मिनिटांत टाईप करून दिलं, एवढंच करायचं होतं तर सोमवारी का नाही केलं हा प्रश्न गिळला. पत्रात जखमेची नोंद, ऑपरेशन नोट आणि डिस्चार्ज कार्ड एवढंच मागितलंय. पाच पानांच्या नकला दिल्या, पोच घेतली. आधीचे फोटो डिलीट करावेत आणि एचआयव्हीचा रिपोर्ट चुकून गेला आहे असं आमच्याकडूनही लेखी दिलं, आवक नंबर घेतला. हवालदार बाहेर भेटले, जरा तोंड वाकडं केलं, पण चहा घेतला.

रिसेप्शनवरची मुलगी रडतेय, नोकरी जाणार म्हणून. तिची काय चूक, तिला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. आता फोनशेजारी कागद चिकटवलाय, "फाईल कुणी मागितली तर आधी दादांना फोन".

राहिले त्या मुलाचे वडील. त्यांना जाऊन सांगायचं का की कागद आमच्याकडनं गेले, लेखी द्यायचं का तोंडी? ताई म्हणते आपण दोघांनी घरी जाऊन सांगूया. मला भीती वाटतेय.

जुना_एमबीबीएस:
ताईंबरोबर जा. मुलगा घरी असेल अशा वेळी जा, वडलांशी नंतर बोला. कागद त्याचे आहेत.