आईच्या जुन्या चाली घरीच रेकॉर्ड करायच्यात, माइक कुठला घेऊ?

ठाकुर्लीकर:

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, कंटाळू नका.

माझी आई बरीच वर्षं भजनी मंडळात गाते. आवाज अजून छान लागतो, काळी चारमध्ये गाते, पेटी स्वतःच वाजवते. तिच्याकडे अभंगांच्या आणि गौळणींच्या कितीतरी चाली आहेत ज्या तिच्या आईकडून आल्यात, कुठेही लिहिलेल्या नाहीत, म्हणून घरात ठरवलंय की आता त्या नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या. मोबाइलवर करून बघितलं पण मोबाइल स्वतःच आवाज वरखाली करतो, म्हणजे आई हळू गायला लागली की पाठीमागचं सगळं मोठं ऐकू येतं आणि ती वरच्या षड्जावर गेली की आवाज दाबल्यासारखा होतो, मग त्यात मजाच राहत नाही.

खोली १० बाय १२, खाली फरशी, दोन काचेच्या खिडक्या, एक लोखंडी कपाट. रेल्वे लाइन जवळ आहे. लॅपटॉप आहे, बाकी काही नाही. बजेट सगळं मिळून २५ हजार. आता ऑफिसमधला एक मित्र म्हणतो कंडेन्सर (बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक) घे, दुसरा म्हणतो घरी कंडेन्सर अजिबात नको, सगळा गोंगाट ओढून घेतो, पॉडकास्टवाले वापरतात तो शुअरचा एसएम७बी घे. यूएसबी माइक चालेल का हेही सांगा. आईला उभं राहून गायची सवय नाही, मांडी घालून पेटीसमोर बसते.

रॉक_आणि_वडापाव:

दादा सरळ शुअर एसएम५८ घ्या आणि विषय संपवा. १९६६ पासून हा माइक चालू आहे, पडला आपटला तरी काही होत नाही, आणि तुमच्यासारख्या गोंगाटाच्या घरात डायनॅमिकच (दणकट, तोंडाजवळ धरून गायचा माइक) पाहिजे. आम्ही बँडची सगळी गाणी घरी त्याच्यावरच करतो, मस्त येतात. फक्त ओळखीच्या दुकानातून बिलासकट घ्या, त्याची नक्कल बाजारात खूप फिरते. एसएम७बीच्या नादी लागू नका, तुमचं अख्खं बजेट एकट्या माइकवर जाईल आणि वर इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारा डबा) घ्यायला पैसे उरणार नाहीत.

ध्वनीवेडा:

एसएम७बी नको हे बरोबर. किंमत सोडाच, तो इतका हळू आवाज देतो की कंपनी स्वतःच कमीत कमी ६० डेसिबल गेन (म्हणजे माइकचा आवाज तेवढा वाढवणं) लागेल असं सांगते, आणि स्वस्तातले इंटरफेस तिथपर्यंत पोचत नाहीत, उदाहरणार्थ तिसऱ्या पिढीच्या फोकसराइट स्कार्लेट सोलोचा गेन ५६ डेसिबल. नॉब शेवटपर्यंत फिरवायचा आणि मग सूं सूं ऐकत बसायचं. आईंसारख्या मोकळ्या, हळुवार गाणाऱ्यांना तर आणखीच कमी पडेल.

पण "डायनॅमिक गोंगाट घेत नाही" हे जे सगळीकडे सांगतात त्यावर थांबा जरा, कारण इथेच लोक चुकीचा माइक घेतात. माइकला काय माहीत की हा आवाज गाण्याचा आणि हा गाडीचा? डायनॅमिकवर गोंगाट कमी येतो तो मुख्यतः आपण त्याला ओठ लावून गातो म्हणून. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. तोच एसएम५८ एक फूट लांब ठेवा आणि गेन वाढवा, गाडीही येईल आणि कुकरची शिट्टीही येईल. त्यामुळे कंडेन्सर की डायनॅमिक हे नंतर ठरवा, आधी हे ठरवा की गाताना आईंचं तोंड माइकपासून किती लांब असणार आहे.

आता रॉकदादांचा बँड माइक हातात धरून गातो, त्यांचं बरोबरच आहे. पण आई मांडी घालून, पेटी वाजवत, मान हलवत गाणार. डोळे मिटून एखाद्या आलापाला मान मागे जाते, समेवर पुढे येते. माइक ओठांपासून ५ सेंटिमीटरवर असेल आणि मान आणखी ५ मागे गेली की तिथल्या तिथे ६ डेसिबलचा खड्डा पडतो. वर जवळून गाताना जो भरदारपणा येतो तोही मान मागे गेली की गायब, म्हणजे एकाच ओळीत आवाजाचा पोतच बदलत राहतो. हेच माइक २० सेंटिमीटरवर असेल तर तेवढ्याच हालचालीने जेमतेम २ डेसिबलचा फरक पडतो, कानाला कळणारही नाही. त्यांना माइकला चिकटून बसायला लावलं तर त्या माइककडे लक्ष देतील, चालीकडे नाही, आणि तुम्हाला तर चाल पाहिजे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एक वीत अंतर ठेवा, आणि एक वीत अंतरावर बारीकसारीक हरकती स्वच्छ पकडायच्या तर कंडेन्सर घ्या. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० आणि स्कार्लेट सोलोसारखा इंटरफेस, स्टँड, केबल, पॉप फिल्टर (तोंडातल्या हवेचा झोत अडवणारी जाळी), सगळं तुमच्या बजेटच्या आसपास बसतं.

यूएसबी माइक वाईट नसतो, एकट्या आवाजाला पुरतो. पण उद्या पेटीला वेगळा माइक लावावासा वाटला तर अडचण होते. दोन माइक कधी तरी लावायचे हे नक्की असेल तर सोलोऐवजी दोन माइक इनपुट असलेला घ्या, सोलोत माइकचं इनपुट एकच आहे.

रॉक_आणि_वडापाव:

मान हलण्याचा मुद्दा पटला. आम्ही माइक तोंडालाच लावून गातो त्यामुळे ते कधी जाणवलंच नाही. पण कंडेन्सर लावला तर पेटी किती येईल त्यात? पेटी तर तोंडाच्या खालीच.

ध्वनीवेडा:

चांगलं विचारलंत, यातच अर्धं काम आहे. एटी२०२० कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरचं घेतो आणि बरोबर पाठीमागचं सगळ्यात कमी घेतो. बहुतेक जण माइक वर टांगून तोंडाकडे खाली वळवतात, त्यात पेटी आपोआप माइकच्या समोरच येते. उलट करा. बूम स्टँड (आडव्या दांड्याचा) बाजूने आणा, माइक पेटीच्या वर पण हनुवटीच्या जरा खाली आणा, तोंड वर आईंच्या ओठांकडे, पाठ पेटीकडे. पेटी पूर्ण जाणार नाही, जायलाही नको, पण आवाजाच्या मागे राहील. हा माइक बाजूने गायचा आहे, शेंड्यावर नाही, ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह आहे ती बाजू ओठांकडे. स्टँडचा पाय पेटीला किंवा पेटीखालच्या पाटाला टेकू देऊ नका, भात्याचा धक्का थेट माइकमध्ये जातो. आणि वर तोंड केलेला माइक छताचा पंखा ऐकतो, तेव्हा तेवढा वेळ पंखा बंद.

खोलीबद्दल: कार्डिऑइड माइक गाणाऱ्याकडे बघतो, म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंतच त्याला समोर दिसते. म्हणून गोधड्या, रजया आईंच्या पाठीमागे टांगा, दोरी बांधून, भिंतीपासून चार बोटं सोडून. लोक माइकच्या मागे लावतात, त्याचा फायदा फार कमी. खाली जाड सतरंजी किंवा गादी. अंड्याच्या ट्रेवर पैसे घालवू नका, त्याने काहीही थांबत नाही. आणि त्या लोखंडी कपाटावर डबे-पातेली असतील तर उतरवून ठेवा, पेटीचा ठरावीक सूर लागला की त्यातलं एखादं झणझणतं आणि ते रेकॉर्डिंगमध्ये सापडता सापडत नाही.

मालवणी_मोगरा:

कंडेन्सर घेताय तर एक सांगते, मी वेंगुर्ल्याला असते म्हणून. पावसाळ्यात दमट हवेने कंडेन्सर माइक कुरकुरतो, मध्येच फट्ट फट्ट आवाज येतात, माणूस समजतो केबल गेली आणि केबल बदलत बसतो. काम झालं की माइक स्टँडवर तसाच ठेवू नका. कोरड्या कपड्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या मधूनमधून बदला. एसीच्या खोलीतून काढून एकदम दमट खोलीत लावू नका, थोडा वेळ तसाच राहू द्या, मग चालू करा. ठाकुर्लीला पण जून ते सप्टेंबर हवा काही कमी ओली नसते.

अजून एक. अभंगात भ, फ, ध, घ किती येतात बघा, "भक्ती" म्हटलं की तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकवर धप्पकन आदळतो. पॉप फिल्टर लावाच, पण माइक ओठांच्या अगदी सरळ रेषेत न ठेवता जरा एका बाजूला ठेवला तर झोत बाजूने निघून जातो आणि आवाज तेवढाच छान येतो. माझ्या मावशीचं रेकॉर्डिंग असंच करते मी.

ओवी:

मी स्वतः गाते, तंत्रातलं फार कळत नाही, पण काकूंच्या बाजूने दोन गोष्टी. एक, त्यांना दोन्ही कानांना हेडफोन लावू नका, सवय नसेल तर स्वतःचाच आवाज परका वाटतो आणि सूर हलतो. पेटी समोर आहेच, हेडफोनची गरजच नाही. तानपुरा हवाच असेल तर फक्त एका कानाला, हळू आवाजात.

दुसरं, आणि हे मला खरंच महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक चाल गायच्या आधी काकूंना बोलू द्या, रेकॉर्डिंग चालू ठेवून. कुठला अभंग, चाल कोणाकडून आली, कुठल्या प्रसंगी म्हणायचे, एकादशीला की काकड्याला, शेवटी गजर कुठला धरायचा, आधी विलंबित आणि मग द्रुत करायचे का. चाल नोटेशनमध्ये नंतरही उतरवता येईल, पण हे सगळं फक्त त्यांनाच माहीत आहे. माझ्या आजीच्या चाली आमच्याकडे आहेत, पण त्या कधी म्हणायच्या हे सांगणारं कोणी उरलं नाही.

ठाकुर्लीकर:

ओवीताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. तसंच करतो. आई बोलायला लागली की थांबत नाही, तेव्हा फाइल मोठी होईल पण होऊ दे.

ध्वनीवेडा सर, शेवटचं विचारतो. दुकानात सांगितलं की एटी२०२० पेक्षा एटी२०३५ चांगला, त्यात लो कट स्विच (खालचे घरघरणारे आवाज कापणारा) आहे आणि माइकचा स्वतःचा आवाजही कमी आहे. रेल्वेची घरघर येते म्हणून लो कट लागेल म्हणे. पण मग बजेटच्या वर जातंय. थोडे महिने थांबून २०३५ घेऊ का?

ध्वनीवेडा:

थांबू नका. २०३५ चांगलाच आहे, २०२० चा स्वतःचा आवाज २० डेसिबल आणि त्याचा १२, हे खरं. पण तो फरक स्टुडिओच्या शांततेत कळतो. रेल्वे लाइनजवळच्या घरात रात्रीसुद्धा खोलीचाच आवाज त्याहून बराच जास्त असतो, त्यात तो बुडून जातो. लो कट स्विचचं म्हणाल तर तो ८० हर्ट्झच्या खालचं कापतो, तेच काम सॉफ्टवेअरमध्ये नंतर होतं, ऑडॅसिटी फुकट आहे, त्यातही हाय पास फिल्टर आहे. आई काळी चारमध्ये गातात म्हणजे त्यांचा षड्ज साधारण २०८ हर्ट्झला, मंद्र पंचमापर्यंत उतरल्या तरी १५६ च्या आसपास. तुम्ही १०० पर्यंत कापलंत तरी त्यांच्या आवाजाला धक्का लागत नाही, आणि गाडीची जमिनीतून येणारी खालची घरघर बरीच जाते. वरचा खडखडाट जाणार नाही, तो कुठल्याच माइकने जाणार नाही, गाडी गेली की पुन्हा घ्या. मात्र कापाकापी कॉपीवर करा, मूळ फाइल तशीच ठेवा.

सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, एमपी३ नाही. आईंना त्यांची सगळ्यात चढी ओळ पूर्ण आवाजात म्हणायला लावा आणि गेन असा ठेवा की तिथे मीटर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील. एकदा ठेवला की त्या बैठकीत नॉबला हात लावू नका. इंटरफेसवर ४८ व्होल्टचं बटण असतं ते चालू केल्याशिवाय हा माइक बोलणार नाही, आणि केबल लावताना-काढताना ते बंद करा. फाइल्स दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.